टायरच्या भिंतीची उंची : कुर्ल्याच्या पद्मिनीपासून गोवंडीच्या मुक्त मार्गापर्यंत

#धागा #मोटारींचा_इतिहास

१/
प्रीमियर पद्मिनीच्या टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचा रबराचा भाग, साधारण १२५ मिलिमीटर उंच होती. आज मुंबईत हौसेने खाली बसवलेल्या एखाद्या स्पोर्ट्स कारला १८ इंची अलॉय चाके लावली, तर ती भिंत ९० मिलिमीटरवर येते. या दोन आकड्यांतले ३५ मिलिमीटर कसे झिजले आणि ते झिजवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, याचा हा इतिहास. चाकाचे माप ठरवणे ही वरकरणी आवडीनिवडीची बाब दिसते. प्रत्यक्षात ते माप कारखाना, रस्ता आणि कायदा या तिघांनी आधीच ठरवलेले असते. मालक त्या बैठकीला सर्वांत शेवटी पोहोचतो.

२/
आरंभ एका शब्दापासून करू. आपण जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द वेल्समधील लानेली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आऱ्या नसलेले, हवा भरलेल्या टायरसह तयार असे जादा चाक विकण्यास सुरुवात केली. तोवर मोटारीसोबत जादा चाक मिळतच नसे. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत आणि टायर वरचेवर फुटत. ब्रिटिश साम्राज्याबरोबर हे चाक हिंदुस्थानात आले. ब्रिटनमध्ये तो शब्द मागे पडला. आपल्याकडे तो अद्याप डिकीत आहे. प्रत्येक चाकात रस्त्याविषयीचे एक गृहीतक दडलेले असते, याचा हा पहिला पुरावा.

३/
मुंबईत मोटारी आल्या त्या परदेशी गृहीतके घेऊनच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे जोडले जात. चाकाचे माप अर्थातच अमेरिकेत ठरलेले असे. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये सरकारने धोरण जाहीर केले, की ज्यांच्याकडे देशात निर्मितीचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ जुळणीचा धंदा बंद करावा. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. कुर्ला राहिले.

४/
कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ पासून ‘११०० डिलाइट’, मग ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’. तिच्या टायरचे ओळखीचे माप ५.२०-१४. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, ५.२० इंच, म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर; दुसरा रिमचा व्यास, १४ इंच. त्या काळच्या टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असे, म्हणून भिंतीचे प्रमाण मापात लिहिण्याची गरजच नव्हती. अरुंद, उंच, मऊ भिंतीचे हे चाक खडीच्या आणि खचलेल्या रस्त्यासाठी घडवलेले होते. खड्ड्याचा पहिला धक्का स्प्रिंगच्या आधी टायर सोसत असे.

५/
एकाच मापाचे राज्य म्हणजे निवडीचा अभाव, हे खरे. मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हजारो टॅक्सींचे चाक एकसारखे असल्यामुळे शहरातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे त्या मापाची ट्यूब मिळे आणि अडलेला टॅक्सीवाला दुसऱ्याची स्टेपनी मागून घेऊ शकत असे. १९५८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिएटचा कारखाना भांडुपला होता. मोटार कुर्ल्याची आणि टायर भांडुपचे, असे हे पूर्व उपनगरांतले औद्योगिक वर्तुळ. चाकाचे माप तेव्हा एक सार्वजनिक सोय होती.

६/
त्याच काळात युरोपात टायरची जातच बदलत होती. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतील धागे आडवे, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठाखाली पोलादी पट्टा असतो. भिंत लवचीक राहते, पृष्ठ मात्र घट्ट. १९७० च्या दशकात इटलीच्या पिरेलीने पी-७ हे रुंद व बुटक्या भिंतीचे टायर रॅलीच्या मोटारींसाठी विकसित केले. पुढे ते पोर्श ९११ टर्बोला बसले. कारण सरळ होते. वेगाने वळताना उंच भिंत कलते आणि सुकाणूला उशिरा प्रतिसाद देते. बुटकी भिंत कमी कलते.

७/
भिंत बुटकी होताच तिचे प्रमाण लिहिणे भाग पडले. २०५/५५ आर१६ हे माप पाहा. रुंदी २०५ मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. रिम १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. रिमच्या दोन्ही बाजूंना भिंत असते, म्हणून चाकाचा बाह्य व्यास ४०६.४ अधिक २२५.५, एकूण ६३१.९ मिलिमीटर. चाक बदलण्याचा सारा विचार या शेवटच्या आकड्याभोवती फिरतो.

८/
नियम असा : रिम वाढवा, पण तेवढीच भिंत घटवा, बाह्य व्यास जागचा हलू देऊ नका.
• २०५/५५ आर१६ : ६३१.९ मिमी
• २२५/४५ आर१७ : ६३४.३ मिमी (०.४ टक्के अधिक)
• २२५/४० आर१८ : ६३७.२ मिमी (०.८ टक्के अधिक)
• २३५/३५ आर१९ : ६४७.१ मिमी (२.४ टक्के अधिक)
पहिली दोन पावले जवळपास फुकट पडतात. तिसऱ्या पावलाला भिंत ८२ मिलिमीटरवर येते आणि व्यासही हातातून निसटू लागतो.

९/
व्यास का जपायचा? वेगाचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक २.४ टक्के मोठे झाले तर काट्यावर ८० दिसताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ८२ च्या वेगाने धावते. गिअरचे गुणोत्तर ताणले जाते आणि गाडी उठायला जड होते. येथे एक गैरसमजही दूर करावा : मोठे रिम लावल्याने गाडी उंच होत नाही. बाह्य व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. वरच्या यादीतील १९ इंची चाकाने केवळ साडेसात मिलिमीटर.

१०/
भारतात ही निवड उशिरा आली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले. मुंबईत सुट्या भागांसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत अलॉय चाके टांगलेली दिसू लागली. पद्मिनीच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर मापांची ही नवी मुभा विकली जाऊ लागली, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग.

११/
या काळात मारुती झेन ही मुंबईच्या हौशी तरुणांची आवडती गाडी ठरली. तिचे मूळ माप १४५/७० आर१३, व्यास ५३३ मिलिमीटर. रुंद टायर हवे म्हणून १५५/७० आर१३ घातले की रिम तेच राहते, पण भिंतही नकळत वाढते आणि व्यास ५४७ होतो, म्हणजे २.६ टक्के अधिक. त्याऐवजी १७५/६० आर१३ घेतले, तर रुंदी ३० मिलिमीटरने वाढूनही व्यास ५४० वर थांबतो. मधला आकडा टक्केवारीचा आहे, मिलिमीटरचा नाही, एवढे समजले तरी अर्धी लढाई जिंकली.

१२/
कारखाने मात्र सावध राहिले. मारुती स्विफ्टचे उदाहरण बोलके आहे. भारतात २०१८ साली आलेल्या पिढीच्या साध्या श्रेणीला १६५/८० आर१४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर१५ टायर होते. व्यास ६१९.६ आणि ६२१.५, फरक अवघा ०.३ टक्के. पण भिंत? अनुक्रमे १३२ आणि १२० मिलिमीटर. साध्या स्विफ्टची भिंत पद्मिनीपेक्षाही उंच! जपान आणि युरोपात विकल्या गेलेल्या तिच्याच भावंडाला, स्विफ्ट स्पोर्टला, १९५/४५ आर१७ टायर होते आणि भिंत ८८ मिलिमीटर. नाव एक, घराणे एक; रस्त्यावरचा विश्वास मात्र ४४ मिलिमीटरने कमी-जास्त.

१३/
आता गाडी खाली बसवण्याकडे वळू. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी झुकते. शर्यतीच्या मोटारी म्हणूनच बुटक्या असतात. त्यासाठी आखूड व कडक स्प्रिंग बसवतात. किंमत मोजावी लागते ती सस्पेन्शनच्या हालचालीत. समजा चाकाला वर उचलले जाण्यासाठी ७० मिलिमीटरची मोकळीक होती आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तर उरली ४०. म्हणजे धक्का सोसणारे दोन थर, स्प्रिंग आणि टायरची भिंत, एकाच वेळी पातळ केले जातात. खाली बसवलेल्या गाडीला मोठे रिम लावताना विसरली जाणारी गोष्ट हीच.

१४/
रिमचा केवळ व्यास पाहून भागत नाही. ‘ऑफसेट’ म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या पृष्ठाचे अंतर. रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांनी कोरलेले असते. मूळ रिम ७ इंच रुंद व ईटी ४५ असेल आणि नवे ८ इंच व ईटी ३५ घेतले, तर चाकाची बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर सरकते, आतली केवळ २.७ मिलिमीटर आत. खाली बसवलेल्या गाडीत हीच बाहेरची कड खड्ड्यात मडगार्डला घासते. बोल्टचे वर्तुळ आणि मधल्या छिद्राचा व्यास जुळणे तर अनिवार्यच.

१५/
मापानंतर लिहिलेला आकडा बहुतेक जण वाचत नाहीत. तो भारांक. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलावे, ८८ म्हणजे ५६० किलो, ९२ म्हणजे ६३० किलो. भिंत बुटकी झाली की आत हवा कमी मावते, आणि भार पेलते ती हवाच. २०५/५५ आर१६ चा भारांक ९१ असताना २२५/४० आर१८ चे साधे टायर ८८ भारांकाचे निघू शकते. दिसायला रुंद आणि दणकट, पण प्रत्येक चाकामागे ५५ किलोने दुबळे. अशा वेळी अधिक भाराचे, ‘एक्सएल’ खुणेचे टायरच घ्यावे लागते.

१६/
आता रस्ता. कुर्ल्याहून हार्बर मार्गाने निघाले की टिळकनगर, चेंबूर आणि मग गोवंडी. दक्षिण मुंबईतील पी. डिमेलो रस्त्यापासून निघणारा १६.८ किलोमीटरचा पूर्व मुक्त मार्ग येथेच, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर उतरतो. त्याचा पहिला टप्पा जून २०१३ मध्ये आणि पांजरपोळपासून जोडरस्त्यापर्यंतचा टप्पा जून २०१४ मध्ये खुला झाला. सिग्नल नाही, दुचाकींना मज्जाव; बुटक्या भिंतीच्या चाकाला मुंबईत याहून सोयीचा रस्ता सापडणे अवघड. तो संपताच मालमोटारींनी भरलेला जोडरस्ता, शिवाजीनगर-बैंगनवाडीची वस्ती आणि १९२७ पासूनचे देवनार क्षेपणभूमीचे डोंगर. काही मिनिटांत चाकाचे गृहीतक बदलते. चाक मात्र तेच.

१७/
गतिरोधकाचे गणितही येथेच तपासावे. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. पोर्श ९११ आणि आपली स्विफ्ट यांच्या दोन्ही आसांतले अंतर योगायोगाने एकच आहे, २४५० मिलिमीटर. अशी गाडी प्रमाणित गतिरोधकावर पूर्ण चढली, तर तिच्या पोटाखाली कमानीचा फुगवटा फक्त ४४ मिलिमीटरचा येतो. पण हीच १० सेंटिमीटर उंची अरुंद, उभ्या ढिगाऱ्यात मिळाली, तर पोटाखाली पूर्ण १०० मिलिमीटर येतात. स्विफ्टची मूळ मोकळीक १६३ मिलिमीटर. ४० मिलिमीटर खाली घेतल्यावर १२३. चार माणसे बसली की गाडी टेकते.

१८/
या ढिगाऱ्यांबद्दल मोटारप्रेमी चिडतात. त्यांनी हेही पाहावे, की वस्तीतून भरधाव वाहने जातात तेव्हा मुलांना रस्ता ओलांडता यावा म्हणून लोक गतिरोधक मागतात. प्रमाणित गतिरोधक वेळेवर मिळाला नाही, की खडी-सिमेंटचा ढीग उभा राहतो. दोष मागणीचा नाही, मापाचा आहे. एकाच रस्त्यावर मालकाचे चाक मापाबाहेर असते, तसा गतिरोधकही मापाबाहेर असतो, आणि दोघांची टक्कर होते.

१९/
खड्ड्याचे तसेच. धारदार कडेवर चाक आदळले, की बुटकी भिंत रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते; आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. तो फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावेच लागते. मुंबईतील खड्ड्यांचा प्रश्न २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रामुळे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला. सुस्थितीतील रस्ता हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने त्यात घेतली. रस्ता हा हक्क ठरला. तरीही तो हाती येईपर्यंत धक्का भिंतीलाच सोसावा लागतो.

२०/
तिसरा पक्ष कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हा अर्थ ठाम केला. तो वाद विशेषतः चाकांचा नव्हता, पण निर्मात्याचे माप हे प्रमाण, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. टायरवरील नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी, हा नियम तर जुनाच.

२१/
रिमच्या दर्जाचाही प्रश्न आहे. स्वस्त आयातीचा लोंढा इतका होता, की २०१५ मध्ये भारताने चीन, कोरिया व थायलंड येथून येणाऱ्या ओतीव ॲल्युमिनियम चाकांवर अवपुंजनविरोधी शुल्क कायम केले. ते शुल्क व्यापारासाठी होते. सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६१९२ हे रिमचे मानक आहे. पोलादी रिम खड्ड्यात वाकते आणि हातोड्याने सरळ होते. ओतीव रिमला तडा जातो, आणि तो तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही.

२२/
मग खाली बसवलेल्या गाडीसाठी चाक निवडायचे कसे? क्रम असा असावा.
• त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनीने दिलेले माप आधी पाहावे. तेथे गणित आणि कायदा दोन्ही सुटलेले असतात.
• बाह्य व्यासातला फरक १ टक्क्याच्या आत ठेवावा.
• भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.
• ऑफसेट मोजून, सुकाणू पूर्ण वळवून आणि गाडी भरलेली असताना घासणी तपासावी.
• रोजच्या रस्त्यावरील सर्वांत वाईट खड्डा डोळ्यांसमोर ठेवून भिंतीची उंची ठरवावी. सर्वांत चांगला रस्ता डोळ्यांसमोर ठेवून नव्हे.
• स्टेपनीचा बाह्य व्यास नव्या चाकांशी जुळतो का, हे पाहावे.

२३/
स्टेपनीचे कलम गमतीचे वाटेल, पण नाही. पोर्श ९११ कॅरेरा एस घ्या : पुढे २४५/३५ आर२०, मागे ३०५/३० आर२१. पुढचे चाक ६७९ मिलिमीटर, मागचे ७१६. एक जादा चाक दोन्हीकडे चालणे अशक्य. लानेलीच्या त्या दुकानाने मोटारीला दिलेली सोय अशी शंभर-सव्वाशे वर्षांनी परत गेली. पद्मिनीवाला कोणाचीही स्टेपनी मागू शकत होता. या गाडीच्या मालकाला टोचनगाडीची वाट पाहावी लागते.

२४/
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. २० वर्षांची वयोमर्यादा संपली. कुर्ल्यातील कारखान्याच्या जागी निवासी इमारती आल्या. माप ठरवणारा कारखाना गेला आणि निवड प्रत्येकाच्या हाती आली, ही प्रगतीच. परंतु ही निवड खासगी असली, तरी तिचा परिणाम खासगी राहत नाही. मुक्त मार्गावरून उतरून जोडरस्त्याच्या पहिल्या खड्ड्यात ज्याचे बुटके टायर फुटते, तो शिवाजीनगरच्या सिग्नलपाशी एकटा नसतो; त्याच्या मागे मालमोटार असते आणि शेजारी दुचाकीवरचे कुटुंब. भिंत किती उंच ठेवायची, हे ठरवताना त्यांनाही मोजणीत धरावे.

(धागा समाप्त)